एका रत्तलाचे बारा लाडू

लीलाबाईंच्या दुकानात काडतुसं मागायला गेलं की आधी अंगावर चिंचोका यायचा. काउंटरच्या पलीकडून बाई तो नुसता टाकायच्या. तो छातीला लागून खाली पडायचा. "उचला," म्हणायच्या. उचलून हातात दिला की तोच चिंचोका अंगठ्याखाली दाबून टिचकीनं मारायच्या. तो बरोबर हाडावर बसायचा आणि चांगला धट्टाकट्टा माणूस "आई गं" करून छाती चोळायचा. मग बाई विचारायच्या, "चिंचोका तोच. वजन तेच. मग मघाशी का नाही लागला?" "वेग नव्हता" असं उत्तर आलं तरच काडतुसांचा डबा फळीवरून खाली यायचा. नाही आलं तर म्हणायच्या, "विचार करून उद्या या. घाई असेल तर काठी घ्या, तिला काडतूस लागत नाही."

मी लिहिणारा माणूस नाही. माझं शिक्षण चौथी, आणि त्यातली तिसरी मास्तरांनी माझ्या वडलांना घाबरून पास केलेली. पण लीलाबाईंबद्दल कोणी लिहिलं नाही आणि आता कोणी लिहिणारही नाही. शिवाय एक गोष्ट अशी आहे, की ती माझ्याशिवाय कोणाला नीट सांगताच येणार नाही. म्हणून बसलोय.

बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं एका ओळीनं आहेत, त्या ओळीत बाईंचं दुकान होतं. दरवाजा जेवढा रुंद तेवढंच दुकान रुंद. वर पाटी: बंदुका, काडतुसे व दुरुस्ती. दुरुस्ती करायचे त्यांचे यजमान. ते गेल्यावर लायसन बाईंनी आपल्या नावावर करून घेतलं. वर्षभरात ही बाई शटर ओढणार, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी वीस-बावीस वर्षं दुकान चालवलं. रोज सकाळी नारायण पेठेतल्या घरून चालत यायच्या, नऊवारी नाही, साधी पाचवारी, पायात चपला, हातात जेवणाचा डबा. माहेर सोनाराचं. तिथला लहान तराजू आणि गुंजा त्यांनी दुकानात आणून ठेवल्या होत्या. दारू आणि छर्रे त्या तराजूत घालून बघायच्या. सोनं तोलल्यासारखं तोलायच्या.

मी वाशीमकडचा. वडील मालकाच्या शेताची राखण करायचे, त्यांची बारा बोअरची दुनळी माझ्याकडं आली. तेव्हा देश उघडला, उघडला, असं सगळे म्हणत होते. काय उघडलं ते मला माहीत नाही, पण पुण्यात नव्या बँका आणि कॉम्प्युटरच्या कंपन्या उघडल्या, आणि त्यांच्या दाराशी बंदूकवाला माणूस पाहिजे होता. माझ्याकडं बंदूक होती, उंची होती आणि मिशी होती. एका कंपनीच्या गेटवर उभा राहिलो. आत पोरं-पोरी दिवसभर मशिनीपुढं बसायची, बाहेर मी छातीवर काडतुसांचा पट्टा आडवा घालून उभा. येता-जाता विचारायची, "अंकल, ये असली है क्या?" मी मिशीला पीळ द्यायचो.

पट्ट्यातली काही घरं रिकामी होती, ती भरायला मी पहिल्यांदा बाईंकडं गेलो. चिंचोका खाल्ला, उत्तर दिलं. मग डबा उघडल्यावर म्हटलं, "बाई, मले बाराचं नको. वीसचं द्या."

"बंदूक कोणती आपली?"

"बारा बोअर."

"मग वीस कशाला?"

"बारापेक्षा वीस मोठं. एवढं तर मले समजते."

बाईंनी चष्म्याच्या वरून माझी मिशी पाहिली, पट्टा पाहिला. म्हणाल्या, "अहो सरदार, आपल्या घरी लाडू कोण वळतं?"

"बायको."

"तिनं एक रत्तल, म्हणजे पौंडभर, पिठाचे सारखे बारा लाडू वळले. शेजारणीनं तेवढ्याच पिठाचे वीस वळले. मोठा लाडू कोणाचा?"

"माह्या बायकोचा."

"अभिनंदन. आता पिठाच्या जागी शिसं घ्या. एक रत्तल शिशाचे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. वीस केले तर वीस बोअर. आकडा वाढला की नळी बारीक. कळलं?"

कळलं होतं. पण दुकानात आणखी दोन गनमन उभे होते, ते हसले. मी म्हटलं, "हे तुमच्या पुण्यातलं असन. आमच्याकडं वीसच मोठं असते."

"तुमच्याकडचे लाडू पाठवा कधीतरी," बाई म्हणाल्या. "बघायला आवडतील."

मी पायऱ्या उतरलो ते पुन्हा चढायच्या नाहीत असं ठरवून. चौथ्या दिवशी गेलो. बाईंनी काही बोलून दाखवलं नाही. एक जुनी, तोडलेली नळी काढली, बाराची, आणि तीत वीसचं काडतूस सोडलं. ते घसरत थोडं पुढं गेलं आणि अडकून बसलं. नळी माझ्या डोळ्यासमोर धरली. मागून पाहिलं तर जिथं काडतूस असायला पाहिजे ती जागा रिकामी.

"हे बघा. बारात वीस घातलं तर ते बाहेरही पडत नाही आणि जागेवरही बसत नाही. पुढं जाऊन अडकतं. घालणाऱ्याला वाटतं, आपण भरायचंच विसरलो. मग तो शहाणा दुसरं घालतो, बाराचं. आणि चाप ओढतो."

"मग?"

"मग तो शहाणा उरत नाही. निदान सगळाच्या सगळा उरत नाही."

म्हणून वीसची काडतुसं वेगळ्या डब्यात असायची आणि प्रत्येकावर बाई हळद चोळायच्या. ती काडतुसं कागदी असायची, हळद चांगली धरायची. बुडाच्या पितळेवर कंपनीचा आकडा असतो, पण तो इंग्रजी, आणि बारीक. बाई म्हणायच्या, "ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला पिवळं वाचता येतं." हे त्या माझ्याकडं बघून म्हणायच्या नाहीत. तेवढं भान त्यांना होतं.

मग मी जातच राहिलो. सुट्टीच्या दिवशी गनमन लोक जातात सिनेमाला, मी जायचो बाईंच्या दुकानात स्टुलावर बसायला. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो, शाळेत म्हणतात तसं. त्या म्हणायच्या, "मी शाळा काढलेली नाही." पण काढलेलीच होती. कोणी येऊन म्हणायचा, बाई, मोठा आवाज होईल असं द्या. त्या म्हणायच्या, "आवाज फटाक्यालाही असतो. तो घ्या, लायसन लागत नाही." मी एकदा म्हटलं, दारू जरा वाढवून भरली तर ताकद वाढत असेल. तर म्हणाल्या, "भाकरीखाली जाळ वाढवला तर भाकरी मोठी होते का? करपते. दारू नळीला सोसवेल तेवढीच. ताकद एकट्या दारूत नसते सरदार. छर्ऱ्याच्या वजनात असते, तो किती वेगानं सुटतो त्यात असते, नळीत त्याला धावायला किती जागा मिळते त्यात असते, आणि समोरचा किती लांब उभा आहे त्यात असते. यातला एकही एकट्यानं काही करत नाही."

"समोरच्याचा काय संबंध?" मी विचारलं.

"पाच पावलांवर जे भोक पाडतं ते शंभर पावलांवर गारा पडल्यासारखं पडतं. समोरच्याला विचारा संबंध आहे का."

एकदा बाईंनी माझ्या पट्ट्यातलं एक काडतूस काढून कापलं. चार वर्षं ते माझ्या छातीवर गेटपाशी उन्हात तापलं होतं, पावसात भिजलं होतं. आतली दारू कागदावर ओतली तर तिचा गोळा झालेला. बाईंनी तो सुईनं फोडला, पाहिला, आणि म्हणाल्या, "सरदार, चार वर्षं आपण कंपनीची राखण खडूच्या कांड्यांनी करत होतात." म्हणजे सगळा खडूच. माझी ऐट, माझा पट्टा, पोरांचं "असली है क्या". मी उठून निघालो. बाईंनी हाक मारली, सगळी जुनी काडतुसं काढायला लावली, आणि पट्टा नव्यानं भरून दिला. एकेक काडतूस बोटात फिरवून, डोळ्यांजवळ नेऊन.

डोळ्यांजवळ, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणत होते, पिकू द्या, मग काढू. तोवर बाईंचं काम बोटांवर आणि हळदीवर चाललं होतं. पिवळं म्हणजे वीस. पिवळं नाही ते बारा. बस्स.

त्या वर्षी खंडेनवमीला मी दुकानात सकाळीच गेलो. आमच्याकडं खंडेनवमीला शस्त्राची पूजा म्हणजे मोठं काम. वडील बंदुकीला आंघोळ घालावी तशी पुसायचे. मी फुलं, नारळ आणि कुंकवाची पुडी घेऊन गेलो होतो. दुकानात हळद होतीच. कुंकू नव्हतं, बाई लावत नसत.

बाई म्हणाल्या, "पूजा बंदुकांची करा. काडतुसांना हात लावू नका." आणि शेजारच्या रेडिओवाल्याकडं पूजेचं बोलावणं होतं म्हणून गेल्या.

मी बंदुकांची पूजा केली. मग मनात आलं, बंदुकीची पूजा आणि काडतुसाची नाही, हे कसं? वडील दोन्हीची करायचे. बाईंना सगळं येत असेल, पण पूजेतलं काय येतंय? फळीवरून दोन्ही डबे काढले. पाच बारातली घेतली, पाच वीसातली. ताम्हणात मांडली, हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला. चांगली दिसत होती. तेवढ्यात बाहेर बाईंचा आवाज आला, रेडिओवाल्याच्या दारात कोणाशी तरी बोलत होत्या. नको म्हणूनही हात लावला हे कळलं तर चार लोकांत माझी हजामत होणार. मी रुमाल ओला केला आणि दहाही काडतुसं भराभर पुसली.

पुसली म्हणजे वीसची हळदही गेली.

माझ्या ते ध्यानात आलं, पण मला वाटलं, मला हाताला कळतं. इतकी वर्षं बसतोय इथं. जाड ती बाराच्या डब्यात, बारीक ती वीसाच्या. फरक असा काही मोठा नसतो, एखाद्या पेन्सिलीत आणि दुसरीत असतो तेवढा. घाईत मी ती वाटली आणि झाकणं लावली.

दुपारी बबन आला. पुण्याजवळच्या मांजरी गावचा शेतकरी, उसात रानडुकरं शिरतात म्हणून पीकरक्षणाचं लायसन होतं. हसरा माणूस. मी नेहमी त्याला म्हणायचो, बबन, डुकरं मारतो का त्यांना बंदूक दाखवून पाठवतो? तो म्हणायचा, "दाखवूनच पाठवतो. तुमचं बी तेच चाललंय न्हवं गेटावर?"

"बाई, दहा द्या. घाई हाय, यष्टी जाईल."

बाईंनी बाराचा डबा उघडला. एरवी त्या एकेक काडतूस बोटात फिरवायच्या. त्या दिवशी बाहेर तीन गिऱ्हाइकं उभी होती, सणाचा दिवस होता, बबनची घाई होती. त्यांनी नजर टाकली, पिवळं काही नव्हतं, दहा मोजली आणि लायसनवर लिहून दिली. मी शेजारीच उभा होतो, कपाळाला कुंकू लावून. कागदात गुंडाळताना मला त्यातलं एक जरा बारीक वाटलं.

एकदा वाटलं, बोलावं. "बाई, जरा थांबा" एवढेच शब्द होते. बोललो असतो तर पूजा केल्याचं बाहेर आलं असतं. मी मिशीवरून हात फिरवला. बबन पुडकं घेऊन पळाला.

दसरा झाला. त्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी बबनच्या उसात कळप शिरला. त्यानं बंदूक भरली, चाप ओढला, काहीच झालं नाही. उघडून पाहिलं तर नळी रिकामी. विसरलो वाटतं, म्हणून घाईनं दुसरं घातलं. नळी फाटली. डाव्या हाताची दोन बोटं जागेवर गेली आणि डाव्या कानाचं ऐकणं गेलं. जीव वाचला, एवढंच.

मला हे गेटवर कळलं. ड्यूटी तशीच टाकून मी बुधवार पेठेत आलो. दुकान उघडं होतं. बाई काउंटरवर पांढरा कागद पसरून बसल्या होत्या. पुढं वीसचा डबा उघडा. हातात एक काडतूस होतं आणि सुई. काडतुसाच्या तोंडाला कागदाची घडी असते, त्या घडीतून बाई सुईनं काहीतरी उकरत होत्या. पांढऱ्या कागदावर लाल कण पडले होते. ते काडतूस मी लांबूनही ओळखलं. डब्यातल्या पिवळ्यांपेक्षा जाड होतं. बाराचं, वीसच्या डब्यात निघालेलं.

मी दारात उभा राहिलो. बाईंनी वर पाहिलं नाही.

"गंज चढलाय," म्हणाल्या. "काढतेय."

कागदाला गंज चढत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. दुकानात कुंकू नव्हतं, हेही आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांनी लाल पूड आत घेऊन कागद चुरगाळला, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकला आणि बोटं पदराला पुसली. बोटांची टोकं लाल राहिली.

संध्याकाळी लायसनच्या ऑफिसातले साहेब आले, बरोबर दोन शिपाई. दोन्ही डबे ताब्यात घेतले. साहेब विचारत होते, "बाई, वीसचं काडतूस बाराच्या माणसाला गेलं कसं? डबे कोणी हाताळले? दुकानात आणखी कोण असतं?" हे विचारताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पट्टा, मिशी, सगळं.

बाई म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक आहेत. यांचा संबंध नाही. डबे मीच हाताळते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मी प्रत्येक काडतूस हातात घेऊन बघते, त्या दिवशी नाही पाहिलं. चूक माझी आहे, लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. बाईंनी सही केली, कागदाला डोळे टेकवून. मी तीन पावलांवर उभा होतो. मी कधी कोणाला घाबरलो नाही असं आयुष्यभर सांगत आलो. त्या दिवशी माझ्या तोंडातून एक अक्षर निघालं नाही. लायसन जाईल, गेटवरची नोकरी जाईल, पट्टा जाईल, वाशीमला कळेल. हे सगळं एका क्षणात मोजून झालं. बाईंनी माझ्याकडं वळून पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. म्हणूनच पाहिलं नसावं.

दुकानाचं लायसन रद्द झालं. पाटी उतरली. पुढं तिथं कॉम्प्युटरचे भाग विकणारं दुकान आलं, आता मोबाईलचं आहे. बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन नंतर झालं, चांगलं झालं म्हणे. त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं तेव्हा बघायला डबे नव्हते.

मी त्यांच्या घरी गेलो नाही. आधी वाटायचं, जरा निवळू दे. मग वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय जायचं. गेटवरची बंदूकही पुढं गेली, कॅमेरे आले. मला आत टेबलावर बसवलं, रजिस्टर दिलं. मी बंदूक जमा केली. पट्टा खुंटीवर लावला.

एकदाच गेलो. बाई आजारी आहेत असं रेडिओवाल्यानं सांगितलं म्हणून. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भाची जवळ होती. बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, चष्मा नव्हता. मला पाहून म्हणाल्या, "या सरदार. मिशी पांढरी झाली. बाकी तशीच आहे."

मी बसलो. बोलायचं ठरवून गेलो होतो. जिना चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तोंड उघडलं तर बाईंनी उशीखालून चिंचोका काढला. अंगठ्याखाली धरला, टिचकी मारली. तो खाटेवरच पडला, माझ्यापर्यंत आला नाही. त्या हसल्या.

"नळी तीच आहे. दारू संपली."

मी तो उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "मोठा लाडू कोणाचा?"

"बाराचा, बाई."

"बरोबर." मग खिडकीकडं बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मांजरीला गेला होतात का कधी?"

"ड्यूटी असते बाई."

"असते," त्या म्हणाल्या. "ड्यूटी असतेच."

भाचीनं पाणी आणलं. मी पाणी प्यायलो आणि उठलो. जुळवलेलं वाक्य जसंच्या तसं जिन्यावरून खाली घेऊन आलो.

बाई त्यानंतर श्रावणात गेल्या. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. मी घरी आलो, आरशापुढं उभा राहिलो आणि मिशी काढून टाकली. बायको बघतच राहिली.

आणि खंडेनवमी झाल्यावर मी मांजरीला गेलो.

ऊस आता फार राहिला नाही. जिथं डुकरं शिरायची तिथं दहा-दहा मजली बिल्डिंगी झाल्यात. विचारत विचारत बबनचं घर सापडलं. ओट्यावर बसला होता. अंगानं सुटलेला, केस पांढरे. डावा हात मांडीवर. मी समोर उभा राहिलो आणि बसायच्या आधीच, उजव्या कानाच्या बाजूनं, सगळं सांगून टाकलं. ताम्हण, कुंकू, रुमाल, ते बारीक वाटलेलं काडतूस. सांगून झालं तरी तो गप्प. मला वाटलं ऐकू आलं नसावं. पुन्हा सांगायला लागलो, तर त्यानं हात वर केला.

"बसा. ऐकलं मी." मग माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाला, "मिशी कुठं गेली?"

"काढली."

"बाई म्हनल्या व्हत्या, एक मिशीवाला यील. मी मिशी बगत बसलो इतकी वर्सं."

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"दवाखान्यात आल्या व्हत्या त्या, दुकान बंद झाल्यावर. म्हनल्या, बबन, चूक माजी हाय, पन आर्धी. दुसऱ्या आर्ध्याचा माणूस आपन हून यील. त्याचं नाव मी सांगनार न्हाई, ते त्यानं सांगायचं. म्हनल्या, लई हट्टी हाय. लाडवाचा हिशोब कळायला त्याला चार दिस लागले व्हते. ह्याला जास्ती लागतील. आला तर वरडू नकोस. बसव, च्या दे."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. बोटं काय उसाची व्हती का, परत फुटायला?" तो म्हणाला. "पन माणूस यायलाच तयार न्हाई, तर राग ठिवायचा कुटं?" मग म्हणाला, "दर खंडेनवमीला फोन करायच्या. दुसरं काय बोलायच्या न्हाईत. 'आला का?' मी म्हनायचो, न्हाई बाई. 'बरं,' म्हनायच्या, आन ठिवून द्यायच्या. अकरा वर्सं. औंदा फोन आला न्हाई."

मी सांगितलं, बाई श्रावणात गेल्या.

त्यानं मान हलवली. नारायण पेठेतून अकरा वर्षं विचारणं येत होतं, आला का, आणि मी तिथून दोन स्टॉपवर मिशीला पीळ देत बसलो होतो. समोर खाटेवर बसून त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं, मांजरीला गेला होतात का. मी म्हटलं होतं, ड्यूटी असते.

बबनच्या बायकोनं चहा आणून ठेवला. तो गार व्हायला लागला तरी माझा हात पुढं जाईना. बबननं तीन बोटांच्या हातानं बशी माझ्याकडं सरकवली.

"घ्या," म्हणाला. "बाईंनी सांगितलंय."